अठराव्या मिनिटाला

पिंपात लावली की मोटर शहाण्यासारखी चालायची, हीच तर पंचाईत होती. दोनदा उघडली, दोनदा साफ केली, पाण्याने भरलेल्या पिंपात दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास चालवून पाहिली. एकदाही अडखळली नाही. आणि दोन्ही वेळा भावजी ती होडीला लावून नदीच्या मुखापर्यंत गेले आणि नेमकं तिथंच तिनं मान टाकली.

बर्फाच्या कारखान्याला लागून धक्क्याच्या टोकाशी पत्र्याचं एक लांबट वर्कशॉप होतं. खाली काम, वर राहायच्या दोन खोल्या, मध्ये लोखंडी जिना. तिथं एक बेचाळीस वर्षांची बाई होड्यांच्या मोटरी दुरुस्त करायची. सगळा धक्का तिला मिस्त्रीण म्हणायचा. वडिलांचा हाच धंदा. दोन मुलींपैकी थोरलीला त्यांनी शिवणाला बसवलं आणि धाकटीच्या हातात पाना दिला, कारण धाकटीच्या हातात सुई गेली की घरात कुणाला ना कुणाला ती टोचायचीच.

"मोटर बंद कशी पडली ते सांगा," हा तिचा पहिला प्रश्न असायचा. "दिवा मालवल्यासारखी पटकन, की धापा टाकत?" पटकन गेली तर दोष विजेचा, धापा टाकत गेली तर पेट्रोलचा. अर्धं निदान इथंच व्हायचं. उरलेलं कानाने, आणि थोडं नाकाने.

भावजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. खेकड्यांचे पिंजरे टाकायला रोज मुखाबाहेर जायचे. होडीतसुद्धा इस्त्रीचा शर्ट. धक्क्यावरच्या कुत्र्याला बिस्किट, तरीच्या तिकीट खिडकीतल्या बाईला एखादा विनोद, मुकादमाला सलाम, असं सगळ्यांना वाटत वाटत ते होडीपर्यंत पोचायचे. लोक म्हणायचे, जावई मिळावा तर असा.

तिसऱ्या वेळी ते आले तेव्हा शर्टाची एक बाही खांद्यापासून फाटलेली होती. मुखापाशी पाण्यातून वर आलेले खडक आहेत, त्यांना सगळे सुळे म्हणतात. मोटर बंद पडली, ओहोटीने होडी सुळ्यांकडे ओढली, आणि एका ट्रॉलरने दोर फेकला तेव्हा होडीची एक फळी आत आलेली होती. भावजींनी मोटर हातगाडीवरून उतरवली आणि हसून म्हणाले, "मेहुणीबाई, मला बुडवायचा बेत आहे का?"

ते हसले म्हणून बाकीचेही हसले. मिस्त्रीण हसली नाही. तिला भलतीच लाज वाटत होती. आपल्या हाताखालून गेलेली मोटर तिसऱ्यांदा दगा देते म्हणजे काय?

"धापा टाकत गेली?"

"दमेकऱ्यासारखी. तिन्ही वेळा."

"मग पुन्हा सुरू कशी झाली?"

"पहिल्या दोन वेळा मी पेट्रोल संपलं का ते बघितलं, झाकण लावलं, दोरी ओढली, झाली सुरू. ह्या वेळी सुळे समोर दिसत होते. दोरी ओढत राहिलो नुसता."

मिस्त्रीण मोटरीकडे बघत राहिली. प्लग नवे, कार्बोरेटर धुतलेला, गाळणी बदललेली. मोटरीचं जे जे म्हणून असतं ते सगळं तिनं पाहिलं होतं. फक्त पिंपात चालवताना पेट्रोल दरवेळी वर्कशॉपच्या टाकीतलं होतं.

"भावजी, तुमची टाकी आणा. नळीसकट."

"टाकी? ती घरी असते. इथं ठेवली की रातोरात पाय फुटतात तिला."

"म्हणूनच आणा."

त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण अर्ध्या तासात ते टाकी घेऊन आले. लाल, हातात धरून नेता येईल अशी, वर काळं झाकण. झाकणाच्या मध्यभागी हवेचा लहानसा स्क्रू. मिस्त्रिणीने तो उघडला, नळी जोडली, नळीवरचा रबरी फुगा दाबून पेट्रोल वर चढवलं आणि दोरी ओढली. मोटर पहिल्या झटक्यात लागली. बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडू लागली, बोटाएवढी जाड, गरमसर. म्हणजे पाण्याचा पंप ठीक. तिनं भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि स्टूल ओढून बसली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. भावजी कंटाळले आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला मासळीच्या वजनकाट्यावरच्या माणसाशी गप्पा मारायला गेले.

पंधराव्या मिनिटाला आवाजात काहीतरी बदललं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मोटर जरा उंच सुरात गेली, जशी माणसाची बोलता बोलता दमछाक होते. मिस्त्रिणीने नळीवरचा फुगा चाचपला. तो चपटा झाला होता, जणू आतून कुणी चोखून घेतला होता. अठराव्या मिनिटाला मोटरीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

मिस्त्रिणीने टाकीचं झाकण सैल केलं. टाकीने फुस्स करून हवा आत ओढली आणि फुगा हळूहळू फुगून गोल झाला.

म्हणजे असं. मोटर पेट्रोल पिते तशी त्या जागी टाकीत हवा यावी लागते. हवा आली नाही की टाकी आतल्या आत आवळत जाते आणि शेवटी मोटरीला थेंबही देत नाही. स्क्रू तर उघडा होता. तिनं झाकण उलटं केलं, स्क्रूखालच्या भोकात बारीक तार घातली. तार अडली. तिनं जोर केला आणि भोकातून तांदळाच्या दाण्याएवढी एक गोळी तळहातावर पडली.

मेण. पिवळसर, वाफेने मऊ झालेलं. आणि त्यात अडकलेला निळ्या दोऱ्याचा एक तंतू.

बंदरातल्या निम्म्या होड्यांवरची ताडपत्रीची आवरणं तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, घरी बसून शिवलेली होती. ताडपत्री शिवायचा दोरा आधी मेणातून ओढून घ्यावा लागतो. आणि बाकी सगळे पांढरा दोरा वापरतात, ताई निळा.

चुकून? शिवता शिवता मेणाचा कण उडाला असेल? पण मेण पेट्रोलच्या वाफेत फार टिकत नाही. चार-आठ दिवसांत विरघळून गळून जातं. तीन वेळा मोटर बंद पडली, मध्ये दर वेळी आठ-दहा दिवस गेले, म्हणजे तीन वेळा कुणीतरी झाकण उलटं करून, सुईच्या टोकाने, नीट दाबून ते भरलं होतं.

आणि मग तिला ते जेवण आठवलं. चार महिन्यांपूर्वी, ताईच्या घरी. जेवताना ताईने सहज विचारलं होतं, "अगं, चालती मोटर मध्येच बंद पडते ती कशानं गं?" मोटरीचा विषय निघाला की मिस्त्रिणीला जेवणाचंही भान राहत नसे. हातातला घास तसाच ठेवून तिनं सगळं सांगितलं होतं. टाकीलाही श्वास लागतो ताई, आपल्यासारखाच. नाक दाबलं तर लगेच नाही मरत, पण वीसेक मिनिटांत जातेच. भावजी म्हणाले होते, "वा! बायकोला शिकवा आणखी." सगळे हसले होते. ताईसुद्धा.

धक्क्यापासून सुळ्यांपर्यंतचं अंतर वीस मिनिटांचं होतं.

"सापडलं काही?" भावजी दारात उभे होते.

मिस्त्रिणीने मूठ मिटली आणि एप्रनच्या खिशात घातली. "वॉशर," ती म्हणाली. "नळीच्या जोडातला. हवा ओढत होता." स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "आता तासभर फिरवून आणा. आत नदीतच, पुलापर्यंत. फळी तात्पुरती ठोकलेली आहे, मुखाकडे जाऊ नका."

"हुकूम," भावजी म्हणाले.

त्यांची होडी पुलाच्या दिशेला वळली तशी मिस्त्रिणीने वर्कशॉपचं दार ओढून घेतलं आणि चढण चढायला लागली. ताईचं घर टेकडीच्या अंगावर, शेवटचं. ह्या चार महिन्यांत ती इथं आलेली नव्हती. भावजी सांगायचे, तिचं डोकं दुखतं हल्ली, उजेड सोसत नाही, माणसं नकोशी झालीत तिला. मिस्त्रीण म्हणायची, बरं वाटलं की निरोप द्या. हातात कायम कुणाची तरी मोटर असायची. चार महिने असेच गेले.

दाराला बाहेरून कुलूप होतं. पितळी, नवं, मुठीएवढं.

ती परत फिरणारच होती. घरी कुणी नाही, सरळ आहे. पण तेवढ्यात आतून शिवणयंत्राचा आवाज आला, आणि थांबला.

"ताई?"

दाराच्या अगदी मागून, हलक्या आवाजात विचारलं गेलं, "वीस मिनिटं झाली का?"

टेकडीवरून नदी स्वच्छ ऐकू येत होती. दूर पुलाकडे भावजींच्या मोटरीचा आवाज एकसारखा, गुळगुळीत चालला होता. मिस्त्रिणीच्या लक्षात आलं, ताई दाराला कान लावून तो आवाज मोजत होती. रोज मोजत असणार.

"थांबणार नाही ती," मिस्त्रीण म्हणाली. "मी काढलं ते."

"का काढलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. घरातली एखादी वस्तू जागेवरून का हलवली, असं विचारावं तसं तिनं ते विचारलं. मिस्त्रिणीला त्याचीच भीती वाटली.

"ताई, किल्ली कुठंय?"

"त्याच्या खिशात."

"आणि तो गेला की रोज..."

"गेला की. वर्ष होऊन गेलं. आधी फक्त चपला कपाटात ठेवायचा, मग कुलूप. खिडक्यांना पट्ट्या मारल्यात बघ, चोर येतील म्हणून."

मिस्त्रिणीने खिडक्यांकडे बघितलं. पट्ट्यांचे स्क्रू बाहेरून पिळलेले होते.

"अगं पण तो बुडाला असता तर किल्लीही बुडाली असती! तू आत अडकून..."

"मग तू आली असतीस कधीतरी," ताई म्हणाली. आणि थोडं थांबून, "आली असतीस ना?"

मिस्त्रिणीने एप्रनच्या खिशातून पेचकस आणि छोटी हातोडी काढली. कुलपाला हात लावण्यात अर्थ नव्हता, पण दाराच्या बिजागऱ्या जुन्या होत्या आणि त्यांच्या खिळी बाहेरच्या बाजूला. खालची खीळ तीन ठोक्यांत वर आली. मधली गंजलेली होती. हातोडीचा आवाज टेकडीवर खणखणत होता आणि तिच्या लक्षात आलं की दुसरा आवाज बदललाय. पुलाकडची मोटर वळली होती. तास व्हायला अजून अर्धा तास होता.

"येतोय तो," ताई आतून म्हणाली.

"कळलं मला."

"त्याला हातोडी ऐकू गेली असेल."

"मोटरीवर बसलेल्या माणसाला काही ऐकू जात नाही. तू मागे हो."

मधली खीळ निघाली तेव्हा मिस्त्रिणीच्या अंगठ्याचं नख फुटलं होतं. वरची हाताने निघाली. दार कुलपाच्या बाजूने तसंच बंद राहिलं आणि बिजागऱ्यांच्या बाजूने उघडलं. आतून ताई बाहेर आली. केस नीट विंचरलेले, अंगावर स्वच्छ कपडे, पाय अनवाणी. उन्हात आल्यावर तिनं डोळ्यांवर हात धरला.

"कुठं जायचं?" तिनं विचारलं.

लपायला जागा बऱ्याच होत्या. पण मिस्त्रिणीने बहिणीचा हात धरला आणि जिकडून आवाज येत होता तिकडेच, सरळ धक्क्यावर तिला नेलं. जिथं माणसं होती तिथं.

भावजी दोर बांधत होते. मान वर करून त्यांनी बघितलं आणि लगेच हसले. "अगं! तू इथं? डोकं दुखत नाहीये का?"

मिस्त्रिणीने हातातल्या तीन खिळी मुकादमाच्या टेबलावर टाकल्या. "दार बाहेरून बंद होतं," ती म्हणाली. तिला मोठ्याने बोलायची सवय होती, मोटरींच्या आवाजावर बोलावं लागायचं. आज मोटर बंद होती, त्यामुळे ते बर्फाच्या कारखान्यापर्यंत गेलं. "खिडक्यांना पट्ट्या. चपला कपाटात. किल्ली ह्यांच्या खिशात. वर्ष झालं."

काट्यावरचा माणूस हसायला लागला आणि मध्येच थांबला. मुकादम म्हातारा, सगळ्यांशी जपून राहणारा. तो भावजींना म्हणाला, "गंमत असेल काहीतरी. तुम्ही खिसा दाखवा, म्हणजे विषय संपला."

भावजींनी खिसा दाखवला नाही. "तिच्या भल्यासाठीच," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही ती कशी आहे."

तेवढ्यात तिकीट खिडकीतली बाई उठली, बाहेर आली, स्वतःच्या पायातल्या चपला काढून तिनं ताईच्या पायांपुढे ठेवल्या आणि अनवाणीच परत जाऊन बसली. त्यानंतर त्या दिवशी धक्क्यावर भावजींशी कुणी बोललं नाही.

सगळे पांगल्यावर ते वर्कशॉपच्या दाराशी आले. ताई वर गेली होती. भावजींच्या हातात टाकीचं झाकण होतं.

"वॉशर म्हणालात ना मेहुणीबाई? जुना वॉशर दाखवा."

मिस्त्रिणीचा हात एप्रनच्या खिशावर गेला.

"टाकीलाही श्वास लागतो," ते म्हणाले, जेवतानाचं तिचं वाक्य शब्दन् शब्द. झाकण उन्हात धरून त्यांनी भोकातून आरपार बघितलं. "मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर लोक विचारतील, बायकोनं असं का केलं. पण मला कळलंय, एवढं तिला सांगा."

ते हसत नव्हते. मिस्त्रिणीने पहिल्यांदाच त्यांचा न हसणारा चेहरा बघितला आणि तिला वाटलं, ताई हाच चेहरा वर्षानुवर्षं बघत आली असणार.

पुढचे दीड महिने ते रोज सकाळी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. बोलायचे नाहीत. वरच्या खिडकीकडे बघायचे, मग होडीकडे जायचे. मुकादमाने दोनदा हटकलं तर म्हणाले, रस्ता कुणाच्या मालकीचा आहे का? वर ताई खोलीचं दार कधी लावून घ्यायची नाही. थंडी आली तरी नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून शिवायची, आणि खालून कुणी आलं की सुई थांबायची.

मिस्त्रिणीने त्यांची मोटर परत हातात घेतली नाही. ते पलीकडच्या काठावरच्या मिस्त्रीकडे जायला लागले. पण होडीवाल्यांच्या बोलण्यातून कानावर यायचं. माणूस बदललाय म्हणे. टाकी आता उशाशी घेऊन झोपतो. चालत्या होडीत सारखा झाकण उघडून बघतो. परवा तर भर लाटांत वाकला होता, आम्ही ओरडलो. कुणी होडीजवळ नुसतं उभं राहिलं तरी विचारतो, हात लावलास का?

हे ऐकताना मिस्त्रिणीला बरं वाटायचं. ही गोष्ट तिनं स्वतःशी कबूल केली होती.

एका सकाळी नऊच्या सुमाराला दोन ट्रॉलर मुखातून आत येत होते. त्यांना सुळ्यांच्या अलीकडे एक होडी दिसली. गोल फिरत होती. मोटर चालू, वेग चांगला, आणि एकाच जागी गरगर, गरगर, स्वतःच्याच लाटांवर आपटत. आत कुणी नव्हतं. जवळ जायची कुणाची छाती होईना. शेवटी एकाने जाड दोर तिच्या वाटेत टाकला, तो पंख्यात गुंडाळला गेला आणि मोटर थांबली. भावजी दुसऱ्या दिवशी वाळूच्या पट्ट्यावर सापडले.

मोटर तपासायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीण म्हणाली, मी एकटी हात लावणार नाही. मग पलीकडचा मिस्त्रीही आला, आणि मुकादमाच्या समोर दोघांनी मिळून ती उघडली. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं, म्हणजे जळण उत्तम. ठिणगी निळी, ठसठशीत. गाळणी स्वच्छ. गिअरच्या तेलात पाणी नाही. पंख्यावरचा दोर कापून काढला तर पंखाही शाबूत. होडी वळवायच्या दांड्याची मूठ पाऊण वेगावर. माणूस पडला तर मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून मनगटाला बांधायची लाल दोरी असते, ती तिच्या मूळ पिशवीतच, गाठही न सोडलेली.

टाकी होडीच्या पुढच्या भागात होती. अर्धी भरलेली. झाकण तिच्या बाजूला उघडं पडलेलं.

मिस्त्रिणीने ते उचललं. हवेचं भोक मोकळं होतं. नुसतं मोकळं नाही, रोज तार घालून घालून त्याच्या कडा झिजल्या होत्या, आत ओरखडेच ओरखडे.

"दांडा सोडून पुढे गेला," पलीकडचा मिस्त्री म्हणाला. "दांडा सुटला की मोटर स्वतःच्या जोराने आडवी वळते, होडी एका अंगावर जाते, उभा माणूस बाहेर. नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतो आपण. एवढा मुरलेला माणूस, कशाला उठला असेल हो?"

मिस्त्रिणीने झाकण कागदावर ठेवलं. "मोटरीत दोष नाही," ती म्हणाली. मुकादमाने तेच लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या.

ताई वरच्या पायरीवर बसली होती. मांडीवर ताडपत्री, पण हात रिकामे.

"कशानं बंद पडली?"

"बंद नाही पडली ताई. दोर टाकेपर्यंत चालूच होती. मोटरीत काहीच दोष नव्हता."

"मी मोटरीचं विचारत नाहीये."

मिस्त्रीण तिच्या खालच्या पायरीवर बसली. खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते प्रेमाचं खोटं झालं असतं. पण ह्या बाईच्या आयुष्यात तिच्या भल्यासाठी म्हणून पुष्कळ काही झाकून झालं होतं. तिनं सगळं सांगितलं. उघडं झाकण, ओरखडे, लाटांत वाकणं.

"म्हणजे भीतीनं," ताई म्हणाली.

"हो."

"माझ्या."

मिस्त्रिणीने मान डोलावली. ताईने सुई ताडपत्रीत टोचून ठेवली, उठली आणि जिना उतरली. मिस्त्रीण मागे गेली तेव्हा ती मुकादमाच्या टेबलापाशी उभी राहून बोलत होती. मेणाचं, सुईच्या टोकाचं, तीन वेळचं. काहीही न वगळता, आवाज न चढवता. काट्यावरचा माणूस ऐकत होता, तिकीटवाली बाई ऐकत होती.

मुकादमाने चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी टाकीत मेण होतं?"

"नाही."

"मग मी त्या दिवसाचंच लिहिलंय," तो म्हणाला आणि वही मिटली. पण त्याने तिच्याकडे बघितलं नाही, आणि नंतरही कधी सरळ बघितलं नाही.

त्यानंतर ताईला कुणी काही बोललं नाही. आवरणं शिवायला येत राहिली, थोडी कमी. तिकीटवाली बाई दुपारी जिन्यावर येऊन बसायला लागली, आणि तिच्याबरोबर आणखी एक-दोघी. मात्र सकाळी होड्या सुटायच्या वेळेला मिस्त्रिणीला वर्कशॉपच्या दारातून रोज एकच दृश्य दिसायचं. धक्क्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक होडीवाला घरून आणलेली टाकी खाली ठेवायचा, इकडे तिकडे बघायचा, झाकण काढून उलटं करायचा आणि भोकाला ओठ लावून फुंकर मारायचा. का, ते कुणी कुणाला विचारत नसे.